बुरुल एजेच्या डोक्यातलं शहर

ओश शहरात बुरुलचा चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज सगळ्यांना माहीत होता. जायमा बाजारात ती गाजरांचा भाव विचारायला तोंड उघडायची आणि गाजरवाली हातातलं माप खाली ठेवून म्हणायची, "थांबा, थांबा! तुम्ही सत्तावन्नवाल्या एजे ना?"

एजे म्हणजे ताई, आणि सत्तावन्न म्हणजे टॅक्सीचा नंबर. फोनच्या शेवटी सत्तावन्न यायचं म्हणून त्या टॅक्सीसेवेला सगळं गाव सत्तावन्नच म्हणायचं. एकोणीस वर्षं तो नंबर फिरवला की पलीकडून बुरुलचा घोगरा आवाज यायचा. "बोला. कुठून? कुठे? किती जण? सामान आहे का? मग आत्ताच बाहेर काढून ठेवा, गाडी तुमच्या बोचक्यांसाठी थांबणार नाही."

चिडकी ती मुळातच होती. नवरा त्याच सेवेत गाडी चालवायचा. मग रशियात कमवायला म्हणून गेला, आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. बुरुल सहा वर्षांच्या मुलीला, बेगीमायला, काखोटीला मारून सत्तावन्नच्या मालकापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "त्याची गाडी विका नाहीतर जाळा. मला काम द्या." मालक होता तश्तानबेक, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिच्या माहेरच्या गावचा. त्याने तिला माइकसमोर बसवलं. दोन दिवसांत ड्रायव्हर लोकांना कळलं की ही बाई नुसते निरोप देणारी नाही.

कारण शहर तिच्या डोक्यात होतं. जुन्या भागातल्या रस्त्यांना तीन-तीन नावं. एक रशियन काळातलं, एक पाटीवरचं आणि एक लोकांच्या तोंडातलं. आणि कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये तर नावच नाही. लोकांनी डोंगरउतारावर मातीच्या विटांची घरं बांधली, गल्ल्या आपोआप पडल्या, पाट्या लावायला कुणी आलं नाही. तिथला माणूस फोन करून काय सांगणार? "एजे, मी जानी-माहल्ल्यातून बोलतोय, आमच्या घरी या." आणि बुरुल विचारायची, "कुठल्या अंगाला? जळकी गिरणी दिसते का? तिच्या मागे हिरवं दार, त्याच्या अलीकडे की पलीकडे?" मग माइकमध्ये: "अकरा नंबर, टर्कीवाल्या मुल्लाच्या घरावरून डावीकडे, तिसरं दार. पुढे जाऊ नको, चिखल आहे, रुतशील."

तो टर्की पक्षी मरून आठ वर्षं झाली होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांना चावायचा. पक्षी गेला तरी घराला नाव तेच राहिलं, आणि त्या नावाने गाडी बरोबर दारात पोचायची.

तिला माणसंही माहीत होती. कालिस पितो, तर त्याला एकट्या बाईकडे पाठवायचं नाही. म्हातारा जोरोबेक बायके (बायके म्हणजे दादा) चौथ्या मजल्यावर चढून आजाऱ्याला पाठुंगळीवर खाली आणतो, तर दवाखान्याची फेरी त्याची. कुणाच्या घरी मयत झालेलं असेल तर गप्प बसणारा ड्रायव्हर, लग्नघरी बोलका. हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि तिला कधी कुणी विचारलंही नव्हतं.

मग ॲप आलं.

बाहेरच्या कंपनीचं. सुरुवातीला पहिल्या तीन फेऱ्या फुकट होत्या. फुकट म्हटल्यावर गाव तुटून पडलं. नंतरचं भाडंही सत्तावन्नच्या अर्ध्यावर. ड्रायव्हरांनाही वर बक्षीस मिळायचं. गाडीत दोन-दोन फोन लागले, आणि माइकमधून बुरुल हाक मारायची तेव्हा उत्तर यायला वेळ लागू लागला.

"सतरा नंबर, कुठे आहेस?"

"एजे... जरा कामात आहे."

"कळतंय तुझं काम. त्या फोनकडून चहा पण मागून घे. तोच आणून देईल आता!"

गाड्या ऐंशीच्या चाळीस झाल्या. उन्हाळा लागेपर्यंत तिच्यासमोरचे तीन फोन घटका-घटका मुके बसायला लागले. बुरुलला राग यायचा तो ड्रायव्हरांचा, गिऱ्हाइकांचा, सगळ्यांचा. बेगीमाय आता मोठी झाली होती, सूतिकागृहात नर्स होती. तीसुद्धा ॲपनेच गाडी बोलावते हे कळलं तेव्हा बुरुलने दोन दिवस तिच्याशी धड बोलणं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीने चहाचा पेला तिच्यासमोर आदळलाच. आईला ती आपा म्हणायची.

"आपा, एक सांग. तुझा कालिस मला दोनदा 'चल, नदीवर फिरून येऊ' म्हणाला होता. तुला सांगितलं होतं मी?"

"नाही."

"का नाही सांगितलं? कारण तू त्याला काढलं असतंस, त्याने घरी येऊन तमाशा केला असता. आता गाडीचा नंबर, माणसाचं नाव, रस्ता, सगळं माझ्या मैत्रिणीला दिसतं. रात्रपाळी संपली की मी निर्धास्त गाडीत बसते. तुझ्या रागापायी मी पायी येऊ का?"

दुसऱ्याच आठवड्यात बुरुलला साबिर भेटला, बाजारातला चांभार, जन्मापासून बहिरा-मुका. पंचेचाळीस वर्षांत त्याने कधी टॅक्सी बोलावली नव्हती. बोलावणार कशी? फोनवर बोलायचं काय? आता तो आपला फोन तिच्यासमोर नाचवत होता. पडद्यावरची छोटी गाडी त्याच्याकडे येत होती आणि तो हसून हसून बेजार झाला होता. बुरुलला त्याच्या खांद्यावर थाप मारावीच लागली. घरी येताना ती स्वतःवरच चिडली. इतकी वर्षं आपण शहराला ओळखतो म्हणून मिरवलं, आणि हा माणूस आपल्या हिशेबातच नव्हता.

तेव्हा ती आंधळेपणाने भांडत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकताना ते ध्यानात असू द्या.

जून महिन्यात तश्तानबेक तिच्याकडे आला. हातात गरम सामशांची, मांसाच्या समोशांची, पिशवी. माइक बाजूला सारून टेबलावर बसला, पूर्वीसारखा.

"एजे, आपणही करू या."

"काय?"

"ॲप. आपलं स्वतःचं. बाहेरच्यांना या गावातलं काय कळतं? त्यांच्या नकाशात जानी-माहल्ला म्हणजे नुसता करडा ठिपका आहे. आपल्याकडे काय आहे ठाऊक आहे? तुमचं डोकं आहे."

"डोकं आहे म्हणे. पगार वाढवायचा म्हटलं की तेव्हा नसतं ते."

"वाढवतो ना! नुसता पगार कशाला, वाटा देतो. तुम्ही नाही तर कोण? आपलं एकदा उभं राहिलं की सगळ्या कामाच्या मुख्य तुम्ही. राजधानीतून, बिश्केकहून दोघे इंजिनियर बोलावलेत. त्यांच्याशेजारी बसायचं आणि सांगत जायचं. बस्स."

आणि बुरुल बसली. माइकचं काम सांभाळून चार महिने बसली. दोघांमधली एक एल्नुरा नावाची तिशीतली बाई होती, चष्मेवाली, कामाला वाघ. ती पडद्यावर वरून काढलेला फोटो उघडायची आणि बुरुल बोट ठेवायची. हे काय? ही अंजिराची बाग. बाग तोडली, पण लोक बागच म्हणतात. आणि हा रस्ता? हा पावसाळ्यात बंद. इथे कुत्रं सोडलेलं असतं, हॉर्न वाजवून थांबायचं. इथे दोन भावांचं भांडण आहे, मधली भिंत नंतर घातली, त्यामुळे गाडी पलीकडून न्यायची. अशा सहा हजार जागा टिपल्या गेल्या.

खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांइतकी ती आयुष्यात कधी खूश नव्हती. पहिल्यांदाच कुणीतरी तिला विचारत होतं आणि ती सांगेल ते टिपून घेत होतं. एल्नुरा म्हणायची, "एजे, तुम्ही एकट्या एका कचेरीचं काम करता." रविवारीसुद्धा बुरुल जायची. एकदा तर जोरोबेक बायकेला घेऊन सबंध जानी-माहल्ला पायी फिरली आणि जिथे आपली आठवण कच्ची आहे तिथे दारं ठोठावून विचारून आली. टाचा सुजल्या. मीठपाण्यात पाय बुडवून बसली असताना बेगीमाय म्हणाली, "आपा, कागदावर काही लिहून घेतलंस का त्याच्याकडून?" बुरुल खेकसली, "माझ्या माहेरचा मुलगा आहे तो. त्याच्याकडून कागद घेऊ?"

ऑक्टोबरात एका सोमवारी ती कामावर गेली तर दाराला वेगळंच कुलूप. भिंतीवर चिठ्ठी: सत्तावन्न सेवा बंद करण्यात येत आहे, कर्मचाऱ्यांनी राहिलेला पगार घेऊन जावा. पायरीवर तिच्यासोबत फोन घेणाऱ्या दोघी बायका रडत होत्या. तश्तानबेकचा फोन लागत नव्हता.

तिला वाटलं, नवीन जागेत हलवत असतील. खरंच वाटलं. आपल्या ॲपची तयारी चालली असेल, मुहूर्तालाच बोलावतील. तीन दिवस ती फोनची वाट बघत राहिली.

चौथ्या दिवशी जोरोबेक बायके दारात येऊन उभा राहिला. त्यानेही नाइलाजाने ॲप घेतलं होतं. तो आत येईना, चहा घेईना. नुसता फोन पुढे केला.

"बुरुल, हे वाच."

पडद्यावर जानी-माहल्ला होता. करडा ठिपका नव्हता आता. गल्ल्या होत्या, वळणं होती, आणि प्रत्येक ठिकाणी बारीक अक्षरं. "जळक्या गिरणीमागचं हिरवं दार." तिने बोटाने नकाशा सरकवला. "अंजिराची बाग (तोडलेली)." "इथे हॉर्न द्या, कुत्रं आहे." आणखी सरकवला. "टर्कीवाल्या मुल्लाचं घर."

"हे कुणाचं ॲप आहे?" तिने विचारलं.

"त्यांचंच. बाहेरच्यांचं. तश्तान आता त्यांचा इथला भागीदार आहे. नव्या गाड्या आणल्यात दीडशे. त्या ड्रायव्हरांना भाड्याने देतो."

तिचेच शब्द होते. कंसातलं "तोडलेली" सुद्धा तिचंच. मुल्लाच्या घराला ते नाव देताना एल्नुरा हसून हसून लोळली होती आणि म्हणाली होती, "हे असंच ठेवू या, एजे." ठेवलं होतं खरंच.

तश्तानबेकची नवी कचेरी काचेची होती, कारा-सू रस्त्यावर. दारातल्या माणसाने नाव विचारलं तर बुरुल म्हणाली, "आवाज ओळखू येत नाही का रे?" आणि तशीच आत घुसली. तश्तान उठून उभा राहिला. रीत विसरला नव्हता.

"या एजे, बसा. मी तुम्हाला फोन करणारच होतो."

"कोणत्या जन्मी?"

"चिडू नका. ऐकून तर घ्या. आपलं स्वतःचं ॲप उभं राहणं शक्य नव्हतं. मी हिशेब केला. आपल्याला त्यांनी सहा महिन्यांत चिरडलं असतं. मग मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं."

"तू काय केलंस? तू काहीच केलं नाहीस. तू सामसे आणलेस. केलं मी. तू विकलंस."

"काय विकलं? गल्ल्या? गल्ल्या काय तुमच्या मालकीच्या आहेत? गाव सगळ्यांचं आहे, एजे. तिथे कुणीही जाऊन बघू शकतं."

"मग बघायचं ना! त्या काचेतल्या माणसांना पाठवायचं चिखलात. माझे पाय कशाला झिजवलेस? चार महिने माझ्या शेजारी कशाला बसवलंस त्या पोरीला? कुणालाही येतं तर मला कशाला 'तुमचं डोकं, तुमचं डोकं' करत होतास?"

"त्या चार महिन्यांचा पगार मिळाला ना तुम्हाला?"

"पगार माइकवर बोलायचा मिळाला. आणि वाटा म्हणालास तो कुठाय?"

तश्तानने खिडकीबाहेर पाहिलं. "एजे, आपल्या ॲपमध्ये वाटा देतो म्हणालो होतो. आपलं ॲप झालंच नाही." मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुमच्यासाठी जागा ठेवलीय. तक्रारींच्या फोनवर. कानाला लावायचं यंत्र, गरम खोली. समोर लिहिलेलं असतं तेवढं वाचायचं. 'आम्हाला खेद वाटतो, तुमची तक्रार नोंदवली आहे.'"

बुरुलने त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, त्याच्या कागदांवर शांतपणे ओतला आणि निघून आली.

वकिलाकडे गेली. वकीलबाई भली होती, फी घेतली नाही. म्हणाली, "कागद?" कागद नव्हता. "साक्षीदार?" साक्षीदार होते, पण ते सगळे आता तश्तानच्या गाड्या चालवत होते. "एजे, कुणी तुमच्या घरातली खुर्ची नेली तर मी भांडू शकते. डोक्यातलं नेलं तर कायदा विचारतो, मग डोक्यात आता उरलं नाही का? उरलंय ना? म्हणजे चोरी कसली?"

"वा!" बुरुल म्हणाली. "म्हणजे विसरले असते तर जिंकले असते."

हिवाळ्यात ती एका पलावच्या, गाजर घातलेल्या पुलावाच्या, खानावळीत गाजरं चिरायला जायला लागली. रोज पाच पोती. बोटं पिवळी झाली. आणि तेव्हाच फोन यायला लागले.

पहिला जोरोबेकचा. "बुरुल, जानी-माहल्ल्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेलाय गेल्या पावसात. नकाशात पूल अजून आहेच. मी या काठाला उभा, गिऱ्हाईक त्या काठाला. वळसा कुठून?" बुरुलने सुरी खाली ठेवून सांगितलं. "वर शाळेपर्यंत जा, कुंपणाच्या कडेने." दुसऱ्या दिवशी सतरा नंबरचा. मग कालिसचासुद्धा. उशीर झाला की ॲप ड्रायव्हरचे तारे, म्हणजे गुण, कापायचं, तारे कमी झाले की फेऱ्या कमी मिळायच्या, फार कमी झाले की फोन आपोआप बंद. विचारायचं कुणाला? तक्रारीच्या नंबरावर "आम्हाला खेद वाटतो." म्हणून सगळे बुरुलला विचारत होते. जानेवारीत बर्फ पडलं तेव्हा रोज चाळीस-पन्नास फोन. खानावळीचा आचारी म्हणाला, "एजे, तू गाजरं चिरतेस की विमानतळ चालवतेस?"

सवयीने उत्तरं देत होती बिचारी. बरंही वाटत होतं कुठेतरी. आणि एका सकाळी पोतं ओढता ओढता तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच पोत्यावर बसली. तश्तानच्या गाड्या धावतात, ॲप पैसे घेतं, ड्रायव्हर पोचतात, आणि पोचवतेय कोण? मीच. फुकटात. त्याने मला काढलंच नाहीये. फक्त पगार बंद केलाय.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने जोरोबेकला फोन केला आणि म्हणाली, "बायके, आजपासून मी कुणाला रस्ता सांगणार नाही. सगळ्यांना कळवा. आणि हेही विचारा, तुम्ही लोक हे किती दिवस सहन करणार आहात?"

ड्रायव्हर आधीच पेटलेले होते. बर्फाच्या दिवसांत गिऱ्हाइकाकडून तिप्पट घेतलं जायचं, पण त्यातलं वाढीव बहुतेक ॲपच्याच खिशात जायचं, आणि शिव्या मात्र ड्रायव्हरला. नव्रूजच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, आठवडाभर आधी एका सकाळी तीनशे गाड्या आक-बुरा नदीकाठच्या मैदानात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांनी ॲप बंद केलं. मागण्यांचा कागद बुरुलनेच जोरोबेकच्या गाडीच्या टपावर ठेवून लिहिला. एक: वाहून गेलेल्या पुलांसाठी आणि चुकीच्या पत्त्यांसाठी तारे कापू नयेत. दोन: ॲपचा वाटा कमी करावा. तीन: ज्या बाईच्या माहितीवर नकाशा बनला तिला तिचा मोबदला द्यावा. तिसरं लिहायला तिला लाज वाटत होती. जोरोबेकने लिहायला लावलं.

मैदानात ती गाडीच्या पायरीवर उभी राहून बोलली. भोंगा नको म्हणाली. "मला ओळखता ना? एकोणीस वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या, आज नाही घालणार. एकच सांगते. हा फोन चांगला आहे. माझी पोर त्याच्यामुळे सुखरूप घरी येते. फोनशी भांडण नाही माझं. पण रस्ता आपण सांगायचा, गाडी आपण चालवायची, चिखलातून ढकलायची पण आपणच, आणि त्याचं सगळं मोल काचेत बसलेल्याने न्यायचं, हे कुठून ठरलं? कुणी ठरवलं? मला तर कुणी विचारलं नाही!"

तीनशे हॉर्न एकदम वाजले. नदीपलीकडच्या घरांतून माणसं बाहेर आली.

दुपारपर्यंत शहर अडलं. दोन वाजता तश्तानबेक आला, पाच जणांना मैदानाकडेच्या चहाखान्यात आत घेऊन गेला. बुरुलला नेलं नाही. "ड्रायव्हरांशीच बोलणार," म्हणाला. ती जोरोबेकच्या गाडीत बसून राहिली. दोन तासांनी ते पाच जण हसत बाहेर आले. तारे कापणं बंद. वाटा तीन महिन्यांसाठी थोडा कमी, नंतर बघू. लोकांनी टोप्या उडवल्या. मिठ्या मारल्या. आणि एकेक गाडी सुरू होऊन निघून जायला लागली, कारण सकाळपासून बंद असल्यामुळे गिऱ्हाइकं साचली होती आणि दरही चढलेला होता.

"तिसरं?" बुरुलने विचारलं.

पाचांतला सतरा नंबर खाली बघत म्हणाला, "एजे, ते म्हणाले तिसरं काढलं तर पहिली दोन लगेच देतो."

"आणि तुम्ही काढलंत."

"मुलंबाळं आहेत आम्हाला, एजे."

"मला काय कोंबड्या आहेत?"

तो निघून गेला. मैदान रिकामं झालं. जोरोबेक स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. तो आत गेलेल्यांत नव्हता, तरी त्यालाच जास्त लागलं होतं. बुरुल म्हणाली, "बायके, रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. मला खानावळीत सोडा आधी. गाजरं राहिलीत."

तिने त्या दिवशी कुणाला माफ केलं नाही आणि आजही केलेलं नाही. सतरा नंबरच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं आलं, ती गेली नाही. लोक म्हणतात, फार झालं, बिचाऱ्याचा नाइलाज होता. ती म्हणते, नाइलाज माझाही होता, मी कुणाला विकलं नाही.

पण गाजरं सोडली तिने. कारण म्हातारी माणसं तिला शोधत आली. ज्यांच्याकडे साधे बटणांचे फोन, ज्यांना आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात जावं लागतं, ज्यांना दारातून कुणीतरी उचलून आणावं लागतं. त्यांना ॲपमध्ये जागाच नव्हती. जोरोबेक आणि आणखी दहा जण म्हणाले, ॲप आहेच, पण आम्ही तुझ्याकडूनही फेऱ्या घेतो, दर फेरीमागे तुझा वाटा देतो, आणि तसा कागद करतो. या वेळी कागद बेगीमायने लिहिला आणि अकरा जणांच्या सह्या घेतल्या. बुरुल आता स्वयंपाकघरात बसून काम करते. पूर्वीच्या पगाराच्या अर्ध्याहून कमीच मिळतं. बाकीचं सगळं शहर ॲपनेच फिरतं आणि फिरत राहील, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

या वसंतात जानी-माहल्ल्याच्या वर, टेकडीवर, आणखी एक वस्ती उठली आहे. चारशे घरं. नकाशात तिथे पुन्हा करडा ठिपका आहे. गेल्या महिन्यात एल्नुरा आली, मिठाईचा मोठा डबा घेऊन. दारातच उभी राहिली, डोळे वर करेना.

"एजे, मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं ते कुणाला देणार आहेत."

"आणि कळल्यावर?"

एल्नुराने मिठाईचा डबा पुढे केला.

"आत ये. डबा बाहेर ठेव. काय हवंय?"

"वरची वस्ती. तुम्हालाच माहीत आहे म्हणतात. कंपनी या वेळी पैसे द्यायला तयार आहे. एकरकमी." तिने पिशवीतून कागद काढला.

बुरुलने चष्मा लावला. सगळा कागद दोनदा वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. मग पेन घेऊन "एकरकमी" हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, "दर महिन्याला, नकाशा वापरात असेल तोपर्यंत." त्याखाली लिहिलं, "जुन्या सहा हजार जागांचेही." आणि आणखी खाली, "प्रत्येक ठिकाणी माझं नाव."

"हे ते मान्य करणार नाहीत, एजे," एल्नुरा हळूच म्हणाली.

"मग त्यांना सांग, चिखलाचे बूट घ्या आणि या. गाव सगळ्यांचं आहे. कुणीही येऊन बघू शकतं."

एल्नुराने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. चहाचे दोन पेले प्यायली आणि गेली. मिठाईचा डबा बुरुलने तिच्यामागे पळत जाऊन परत दिला. कागद अजून परत आलेला नाही. वरच्या वस्तीत ॲपची गाडी बोलावली तर ती अर्ध्या वाटेत, ओढ्याकाठी उभी राहते, आणि ड्रायव्हर बुरुलला फोन करतो. सह्या केलेल्या अकरा जणांपैकी असेल तर ती रस्ता सांगते. नसेल तर म्हणते, "आम्हाला खेद वाटतो, तुमची तक्रार नोंदवली आहे," आणि फोन ठेवून देते.